रोवळीचे ठसे

माझी चांगुणाआत्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ट्रॅफिक हवालदाराचा रेनकोट घालून, स्वतः विणलेल्या बांबूच्या जोडावर चालत, बर्फातून साडेतेरा हजार फुटांवरच्या खिंडीत पोचली. आमच्या मंडळातलं त्या दिवशी दुसरं कुणीही पोचलं नाही.

आता हे विसरा. मंडळाच्या अहवालाप्रमाणे असं काही झालेलंच नाही. अहवाल छापील आहे आणि त्यावर गोल शिक्का आहे. तेव्हा खाली लिहितोय ती न झालेली गोष्ट आहे, ती तशीच वाचावी.

तर ही न झालेली गोष्ट सुरू झाली साताऱ्याजवळ, एका भाताच्या गिरणीच्या मागे.

"दिग्या, मागं सर. पडले तर तुज्यावर पडंन."

आत्या तुसाच्या ढिगावर उभी होती. ढीग दोन पुरुष उंच. गिरणीतले हमाल काम सोडून बघायला आले होते आणि त्यातल्या एकाने तिला नारळ फोडू का म्हणून विचारलंही होतं. तिच्या पायांना बांबूचे दोन लांबट गोल बांधलेले होते. तिने एक पाऊल टाकलं आणि ती गुडघ्यापर्यंत आत गेली. पाय उपसला तर त्या गोलावर पाचेक किलो तूस बसून वर आलं.

"सुपाची वीण नगं," ती तुसातूनच म्हणाली. "सूप धरून ठेवतंय. त्याचं कामच हाय ते."

आमचं घर बुरडाचं. माझे वडील एसटीत लागले, मी इंजिनिअरिंगला नापास झालो. पण आत्याने कोयता सोडला नाही. सुपं, दुरड्या, रोवळ्या, पाट्या, सगळं विणायची. मी 'उत्तुंग पदभ्रमण मंडळा'त स्वयंसेवक होतो. त्या एप्रिलात मंडळ कुलूच्या वरच्या अंगाला एका खिंडीवर मोहीम नेणार होतं. तीन वर्षं फुकट राबलेल्या स्वयंसेवकाला घरच्या एका माणसाची जागा मोफत मिळायची. वडील म्हणाले, मला फ्रिजमधला बर्फ पुरतो. आत्या म्हणाली, "मी जाते." तिला विचारलेलंही नव्हतं.

त्याच्या आधी काय झालं होतं, तर मंडळाचा एक स्नोशू मी दुरुस्तीला घरी आणला होता. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायचं मोठं जाळीदार पाऊल. वजन पसरतं, माणूस भुसभुशीत बर्फात रुतत नाही. जाळी फाटली होती. आत्याने तो उलटापालटा केला, हुंगला, आणि म्हणाली, "हे तर आमचंच काम हाय. कुणी चोरलं?"

तेव्हापासून तिला एकच बघायचं होतं: आपलं विणकाम बर्फावर माणसाला तोलतं की नाही. साताऱ्यात बर्फ मिळतो तो मासेवाल्याकडे. म्हणून तूस.

दुसरा जोड दुरडीच्या विणीचा, तोही बुडाला. तिसऱ्याला तिने रोवळीची वीण घातली. रोवळीत तांदूळ धुतात. पाणी गळून जातं, दाणा वर राहतो. कडेला चांगल्या जुन्या बांबूची कांब वाकवलेली, आत कामट्यांची विरळ वीण, आणि बांधायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. ती ढिगावर चढली. तूस विणीतून झरझर गळून गेलं आणि आत्या वर राहिली. ढिगाच्या टोकावर जाऊन तिने कमरेवर हात ठेवले.

हमालाने नारळ फोडला.

तिने तसलेच दोन जोड केले. एक तिचा, एक माझा.

*

मोहिमेचे प्रमुख नाडगौडा सर. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे संस्थापक, आणि नियम क्रमांक नऊचे जनक. नियम नऊ असा: फ्लेक्ससह छायाचित्र असल्याशिवाय कोणतीही चढाई ग्राह्य धरली जाणार नाही. फ्लेक्स सहा बाय चारचा होता. त्यावर सरांचा हसरा फोटो आणि 'यशस्वी मोहिमेबद्दल हार्दिक अभिनंदन' असं साताऱ्यातच छापून आणलेलं. तो वाहून न्यायचं काम माझं. मंडळाचा कॅमेराही माझ्याच गळ्यात. मी हे सगळं का करत होतो, तर मला गिर्यारोहणाचं शिक्षण घ्यायचं होतं. त्या कोर्सला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. सर ते दर महिन्याला पुढच्या महिन्यात देत असत.

आम्ही सोळा जण होतो. साडेबारा हजार फुटांवर कॅम्प लागला. भाड्याचे स्नोशू आठ जोड मिळाले होते, म्हणून खिंडीवर आठ जण जाणार आणि बाकीचे कॅम्पवर थांबून टाळ्या वाजवणार, असं ठरलं. आत्याने आपली गोणी उघडली आणि दोन्ही जोड सरांसमोर ठेवले.

सरांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"जोड. बर्फावर चालायचा."

"बाई, याला प्रमाणपत्र आहे?"

"हाय की. गिरणीतल्या हमालांनी नारळ फोडलाय."

"म्हणजे कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेचं. हे साहित्यात बसत नाही."

"साहित्यात बसत न्हाई तर काय भाजीत बसतंय?"

दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "दिगंबर, घरच्या माणसांना शिस्त समजावून सांग. मोफत जागा म्हणजे कॅम्पपर्यंत. खिंड ही सुपाने पाखडायची जागा नव्हे."

आत्या माझ्याकडे बघत होती. मी फ्लेक्सची गुंडाळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. फारच महत्त्वाचं काम असल्यासारखी घेतली.

आमचा वाटाड्या टेकराम तिथलाच, पन्नाशीचा, गरजेपुरतं बोलणारा. त्याने आत्याचा जोड उचलला, वीण अंगठ्याने दाबली, कड गुडघ्यावर टेकवून वाकवून पाहिली. "किसने बनाया?"

"हमने," आत्या म्हणाली. तिचं हिंदी एवढंच होतं.

टेकरामने मान हलवली आणि जोड सरळ तिच्या पायांपाशी ठेवला. मग तो सरांना म्हणाला, "साब, सुबह पाँच बजे निकलना है. नौ के बाद बर्फ सड़ जाएगी."

एप्रिलातला बर्फ असा असतो. पहाटे फरशीसारखा कडक, ऊन चढलं की आतून कुजतो. पाय मांडीपर्यंत जातो आणि तो बाहेर काढेपर्यंत दुसरा जातो. हे टेकरामने तीनदा सांगितलं. सरांनी तिन्ही वेळा टिपून घेतलं.

*

पण दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. सरांचा उपास. सरांनी बत्तीस वर्षं एकही संकष्टी साबुदाण्याच्या खिचडीशिवाय काढलेली नव्हती आणि हिमालयासाठी ती प्रथा मोडायचा त्यांचा विचार नव्हता. संध्याकाळी पातेल्यात साबुदाणा भिजत घातला गेला. कॅम्पवर राहणारी म्हणून स्वयंपाकात आत्याला घातलं होतं.

"सर, ह्यो रातीत गोठंल," ती म्हणाली. "पातेलं कुनाच्या तरी पांघरुनात घ्या."

"साबुदाणा माझ्या स्लीपिंग बॅगेत घेऊ?"

"मग कुनाच्या घ्यायचा? उपास तुमचा हाय."

सकाळी पाच वाजता पातेल्यात एक पांढरा दगड होता. टेकरामने तो टकटक वाजवून पाहिला. सर म्हणाले, दहा मिनिटांत सुटेल. स्टोव्हवर तो खालून करपला आणि वरून गोठलेलाच राहिला. मग तो कोयत्याने फोडला. मग दाण्याचं कूट सापडेना. मग आरती. मग कॅम्पवर फ्लेक्ससह एक छायाचित्र, कारण त्यात सोळाही जण दिसले पाहिजेत. आम्ही निघालो तेव्हा सव्वाआठ वाजले होते आणि ऊन असं पडलं होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं.

टेकरामने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

नऊपर्यंत बरं चाललं. साडेनऊला पहिला स्नोशू गेला. भाड्याचा माल, जुनं प्लास्टिक; ओढ बसल्यावर पट्टा कट्‌ करून तुटायचा. मग दुसरा. मग दोन एकदम. ज्याचा पट्टा तुटेल तो मांडीपर्यंत खाली. दहा वाजता आठातले पाच जण बर्फात कमरेएवढे उभे होते, भाताची लावणी करायला उतरल्यासारखे. खिंड समोर होती. दोन-अडीचशे पावलं, सोपा चढ, वर दगडांचा ढीग आणि रंगीत फडकी दिसत होती.

"फ्लेक्स काढ," सर म्हणाले. "इथूनच घेऊ. मागे खिंड दिसली म्हणजे झालं."

फोटोत बरं दिसावं म्हणून ते एका मोठ्या दगडाकडे सरकले. टेकराम "साब, नहीं—" एवढं म्हणाला. हंगामाच्या शेवटी दगड तापतात, त्यांच्या कडेचा बर्फ आतून वितळून पोकळी होते, वरून काही कळत नाही. सर त्या पोकळीत गेले. टोपी तेवढी वर राहिली.

काढलं त्यांना. घोटा सुजून पपनसाएवढा झाला होता. आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती, अर्धे रुतलेले, काय करावं ते न कळून उभे असताना खालून आवाज आला.

"दमलाव काय रं?"

आत्या येत होती. अंगात शेजारच्या ट्रॅफिक हवालदाराचा चमकणारा पिवळा रेनकोट, खाली माझ्या वडिलांची ट्रॅकपँट, डोक्याला मफलर. ती बर्फाच्या वरून चालत होती. पाऊल टाकायची, बर्फ विणीतून गळायचा, पाऊल उचलायची. पाठीला माझा जोड बांधलेला होता.

"तुम्हाला कुणी परवानगी दिली?" सर आडवेच म्हणाले.

"पातेलं घासून झालं," आत्या म्हणाली. "मोकळीच हुते."

"ताबडतोब मागे फिरा. मोहीम संपली आहे. सगळे खाली चला, हा आदेश आहे."

आत्याने वर खिंडीकडे बघितलं, मग खाली सरांकडे, जणू दोन दुकानांतले भाव ताडून बघत होती. "तुमची संपली आसंल. माजी आत्ताच लागलीया. वाईच जाऊन येते."

"दिगंबर! थांबव त्यांना."

आत्याने पाठीवरचा जोड सोडला आणि माझ्यासमोर बर्फावर ठेवला. "येतोस?"

सोपा प्रश्न होता. दोनशे पावलं होती.

"सरांना खाली न्यायला हवं, आत्या."

"सात जन हायेत की."

"फ्लेक्स माझ्याकडं आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही. विणताना एखादी कामटी फुटकी निघाली तर ती बघते तशी. मग ती वळली आणि चालायला लागली.

सरांना खाली न्यायला स्ट्रेचर नव्हतं. तेव्हा फ्लेक्स अंथरला, सरांना सरांच्या हसऱ्या फोटोवर उताणं ठेवलं, चारी कोपऱ्यांना दोर बांधले आणि ओढायला सुरुवात केली. पण ओढ बसताच उरलेले पट्टेही तुटले आणि ओढणाराच रुतायला लागला. न रुतणारा जोड तिथे एकच पडला होता. तो मी घातला. तूस नसून बर्फ होता, पण आत्याचं काम चोख होतं. मी वरच राहिलो. आत्याने माझ्यासाठी विणलेला जोड मी घातला, पण खाली जायला.

सर डोकं पुढे करून घसरत होते, म्हणजे त्यांचं तोंड सबंध वाट चढाकडे होतं. आम्ही अधूनमधून मान वळवून बघत होतो. सरांना वळवायचीही गरज नव्हती. खिंडीकडे जाणारा पिवळा ठिपका आम्हा सगळ्यांत सर्वांत नीट आणि सर्वांत जास्त वेळ त्यांनी पाहिला.

ठिपका चढला. ठिपका दगडांच्या ढिगाशी थांबला. फडक्यांच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

टेकरामने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत आली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. फ्लेक्स मात्र सरांच्या खाली होता.

*

आत्या दुपारी एकला कॅम्पवर परत आली. मी विचारलं, "काय दिसलं वरून?"

"पल्याडबी डोंगारच हायेत," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, कायतरी येगळं आसंल. पर बरे हायेत." आणि चहा मागितला.

सरांच्या तंबूत तोवर अहवाल सुरू झाला होता. सर पाय उशीवर ठेवून सांगत होते, आणि लिहून घेत होतो मी. माझं अक्षर चांगलं आहे. 'अचानक उद्भवलेल्या खराब हवामानामुळे मोहीम खिंडीच्या अलीकडे थांबवण्यात आली. मंडळाचे कोणीही सदस्य खिंडीपर्यंत पोचले नाहीत. सर्वजण मंडळाच्या साहित्याच्या साहाय्याने सुखरूप परतले.' बाहेर आभाळ इतकं निळं होतं की डोळे दुखत होते. 'खराब'वर माझा पेन थांबला तेव्हा सर म्हणाले, "तुझ्या शिफारसपत्राचं साताऱ्याला गेल्या गेल्या बघू." आठ सह्या झाल्या. पहिली माझी.

आत्या सातवी शिकलेली आहे. तिने कागद मागितला आणि ओळीखाली बोट धरून सबंध वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं.

"'कोणीही' म्हंजी मला धरून का सोडून?"

"धरून," मी म्हणालो.

"मग चुकलंय."

"पुरावा नाही आत्या. फ्लेक्स नव्हता. नियम नऊ."

तिने माझ्या दंडाला धरलं आणि तंबूबाहेर नेलं. समोर सगळा चढ उन्हात पसरला होता. आमचे खड्डे, सरांना ओढल्याची घळ, आणि तिथून वर, सरळ खिंडीपर्यंत, एकाच माणसाच्या पावलांची ओळ. कॅम्पजवळच्या ठशात तर रोवळीची वीण उमटलेली दिसत होती, कामटीवर कामटी, मोजता येतील अशी.

"त्यो काय पुरावा," आत्या म्हणाली. "बोलव तुज्या सरांना. न्हाईतर काढ फोटू."

मी तिथे उभा राहिलो. दोन वाजून गेले होते. ठशांच्या कडा ओलसर होऊन ढासळायला लागल्या होत्या. मी सरांना हाक मारली नाही. कॅमेऱ्याचं झाकणही काढलं नाही. चारपर्यंत आत्या त्या उताराकडे बघत बसली, मी तिच्या शेजारी, आणि मग बघायला काही उरलं नाही.

"चल," ती उठून म्हणाली. "तुज्या जोडाची ट्यूब सैल झालीया. घट करून दिते."

*

पत्र मिळालं. कोर्स झाला. आज अकरा वर्षं मी लोकांना बर्फावर चालायला शिकवतो, त्यावर जगतो, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतो की साबुदाणा आणू नका. ते हसतात.

या वर्षी मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका आली. त्यात पान सतरावर आहे: पुढच्या एप्रिलात नाडगौडा सरांच्या सूनबाई त्याच खिंडीवर जाणार, आणि 'मंडळाकडून खिंड गाठणारी पहिली व्यक्ती' होणार. मी स्मरणिका आत्याकडे नेली. ती आता एकोणसत्तर वर्षांची आहे. चष्मा लावून तिने पान वाचलं, तेच बोट तसंच ओळीखाली धरून.

"जाऊ दे की पोरीला," ती म्हणाली. "पर दुसरी म्हनून."

मी मंडळाला तीन पत्रं लिहिली. अहवाल माझ्या अक्षरात आहे, तो खोटा आहे, खोटं मी लिहिलं, हेही लिहिलं. तिन्हींना एकच उत्तर आलं: 'नियम नऊ पाहावा. छायाचित्र नसल्यास चढाईचा अन्य प्रत्यक्ष पुरावा सादर करावा.' म्हणून काल आत्याच्या अंगणात बसून चौथं पत्र लिहिलं. ती शेजारी कांब वाकवत होती. पत्र असं:

प्रति,
मा. अध्यक्ष, उत्तुंग पदभ्रमण मंडळ, सातारा.

विषय: चैत्र वद्य चतुर्थीचा बर्फ परत मिळणेबाबत.

महोदय,
श्रीमती चांगुणा वनारसे यांच्या खिंडीवरील चढाईचा प्रत्यक्ष पुरावा आपण मागितला आहे. सदर पुरावा त्याच दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान खाली सही करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वितळला. तरी तो बर्फ मंडळाने त्याच उतारावर, त्याच जाडीचा, सकाळी दहा वाजताच्या स्थितीत पुन्हा उपलब्ध करून द्यावा, ही विनंती. फ्लेक्सची आवश्यकता नाही. ठसे श्रीमती वनारसे व खाली सही करणारा स्वतः उमटवून देतील. या वेळी त्यांच्या ओळी दोन असतील आणि दोन्ही वर जाणाऱ्या असतील, याची कृपया नोंद घ्यावी.